सहावर ठेवलेली कळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आज तुमच्याजवळ बोलायला बसलो, तर सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. विमानापासून करू? की बबनभाऊंपासून?

विमानापासून करतो. हसू नका — हिंगणघाटात आम्ही तिघांनी मिळून एक विमान बांधलं. खरं म्हणजे बांधलं ते प्रकाशभाऊंनी. कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये त्यांनी मशिनरी सांभाळली, निवृत्त झाले, आणि मालकाला विचारून एक रिकामं गोदाम मागून घेतलं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, बसायला एकच माणूस. गोदामात कापूस नसला तरी हवेत रुई असायचीच; पंखाला रंग दिला की ती येऊन चिकटायची आणि आम्ही तिघं चिमटे घेऊन बसायचो. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातं.

बबनभाऊ प्रकाशभाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. फवारणीचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. इंजिन त्यांच्याकडे. आणि मी — आयटीआयमध्ये विजेचा मास्तर — माझ्याकडे वायरिंग.

इंजिन साधं नव्हतं. भंगारातल्या एका परदेशी गाडीचं, रोटरी. त्याला सिलिंडर नाहीत, पिस्टन नाहीत. पोटात दोन तिकोनी लोखंडी तुकडे, तेच गरगर फिरतात. बबनभाऊंनी ते पहिल्यांदा उघडलं आणि म्हणाले, "मास्तर, हे इंजिन नोहे, समोस्याचं दुकान हाय!" त्या तिकोनाच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या झिजल्या की दाब सुटतो, जोर जातो. त्या बबनभाऊंनी बदलल्या. एकदा एक स्प्रिंग उलटी बसवली होती, ती त्यांची त्यांनाच सापडली. "परकाश, तुले वर पाठोला असता मी, कायमचा," असं म्हणून खूप हसले होते.

माझं काम आरपीएम मीटर जोडायचं. इंजिन मिनिटाला किती फिरतं ते दाखवणारा काटा. तो इंजिनातल्या प्लगच्या ठिणग्या मोजतो. म्हणून मीटरच्या मागे एक छोटी कळ असते — चार, सहा, आठ. गाडीला जितके सिलिंडर तितक्यावर ठेवायची. आता ज्याला सिलिंडरच नाही त्याची कळ कशावर ठेवायची? मी विचार केला: तिकोनाला तीन बाजू, तिकोन दोन, म्हणजे सहा. कोणाला विचारलं नाही. मास्तर कोणाला विचारणार?

इंजिन सुरू झालं. पूर्ण जोर दिला. काटा जिथे जायला हवा त्याच्या बराच अलीकडे थांबला. प्रकाशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, मीटर बराबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं. हे खोटं मी मोजत नाही. मोजायला हवं का? मला खरंच समजत नाही.

मग दोष उरला इंजिनात. बबनभाऊंनी ते सगळं खोललं, नव्या पट्ट्या घातल्या, पुन्हा बांधलं. काटा तिथेच. पुन्हा खोललं. काटा तिथेच. तिसऱ्यांदा खोलूनही तेच, तेव्हा प्रकाशभाऊंचा तोल गेला. "बबन्या, तुह्याच्यानं होत नाई तं सांगून दे ना! माह्या जिवाशी काऊन खेळून राह्यला?"

बबनभाऊंनी कापडाला हात पुसले, पाने-पकडी गोळा केल्या आणि निघून गेले. पुन्हा गोदामात आले नाहीत.

आता ते येतं, ज्यासाठी इतका फिरलो.

दोन-चार दिवसांनी मी वर्गात दाते असलेली चाकं शिकवत होतो — लहान चाक तीनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा — आणि फळ्यावरचा हात थांबला. आतला तिकोन एकदा फिरतो तोवर बाहेरचा दांडा तीनदा फिरतो. मीटर दांड्याचे फेरे दाखवतो. म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्याला दर तिकोनाची एक, अशा ठिणग्या दोनच. साध्या चार सिलिंडरच्या गाडीला असतात तेवढ्याच. कळ चारवर हवी होती. इंजिन पहिल्या दिवसापासून पुरं फिरत होतं, काटा कमी दाखवत होता.

मी तडक बबनभाऊंकडे जायला हवं होतं. नाही का? तिघंही हसलो असतो. जन्मभर मला चिडवलं असतं, बस. पण मी संध्याकाळी गोदामात गेलो, तर तिथे प्रकाशभाऊंनी बोलावलेला नागपूरचा मिस्त्री कार्बोरेटर साफ करत होता. मग दोघं चहाला बाहेर गेले. मी एकटा उरलो. मीटरच्या मागे हात घातला आणि कळ सरकवली.

का? भीती वाटली म्हणू? लाज? आजही नीट सांगता येत नाही. हात आपोआप गेला असं मात्र म्हणणार नाही. आधी दाराकडे पाहिलं, मग हात घातला.

ते दोघं परतल्यावर इंजिन सुरू केलं. काटा पार वर गेला. प्रकाशभाऊंनी मिस्त्रीला मिठी मारली. मग माझ्याकडे वळले, "पाह्यलं मास्तर? सादा कार्बोरेटर. बबन्यानं तीनदा इंजिन फाडलं, पन इतकं नाई दिसलं त्याले."

मी मान हलवली. हो म्हणून.

जो इंजिन बांधतो त्यानेच पहिल्या दिवशी नारळ फोडायचा, ही बबनभाऊंच्या दुकानाची रीत. समुद्रपूरकडच्या एका माळावर विमान नेलं त्या दिवशी प्रकाशभाऊ नारळ हातात धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. मग तो माझ्या हातात दिला. मी फोडला. विमान पुरुषभर उंच उठलं, थोडं गेलं आणि खाली टेकलं. प्रकाशभाऊ उतरले ते रडतच. मीही रडलो. कशासाठी रडलो, ते विचारू नका.

ते दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत. बबनभाऊंनी इंजिनं घेणं सोडलं; आता फक्त पंप. गिऱ्हाइकाला सांगतात, "इंजिन दुसरीकडं दाखवा भाऊ, माह्यावाला हात आता बराबर नाई."

यंदा फवारणीच्या दिवसांत मी माझा पंप त्यांच्याकडे नेला होता. वॉशर बदलता बदलता, मान वर न करता ते म्हणाले, "मास्तर, तुमी तं तेथं होते. माह्यं काय चुकलं होतं, मले अजून समजलं नाई. रातदिन इचार केला."

दुकानात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "होतं भाऊ असं कधीकधी."

त्यांनी जरा विचार केला. "हौ," म्हणाले, "तुमी म्हंता तं होत असन." आणि पंपाला एकदा दट्ट्या मारून, नीट चालतो की नाही ते पाहून, माझ्या हातात दिला.