चादरीखालचा बाप

रातपाळीचा पंधरवडा आला की सुकदेवच्या घरात आवाज बारीक होत. सकाळी तो कापडाच्या कारखान्यातल्या लूमवरून येई, अंघोळ करून चहा घेई आणि भिंतीकडच्या गादीवर चौकड्याची चादर डोक्यावरून ओढून आडवा होई. नवागाम वस्तीतली एकच खोली. दुसऱ्या भिंतीशी त्याची बायको जयश्री साड्यांना खडे चिकटवत बसे. मधल्या जागेत दोन मुलं, पाच वर्षांची किंजल आणि तिच्या मागेमागे फिरणारा चेतन.

आणि वाल्मिक. जयश्रीचा धाकटा भाऊ, पारोळ्याकडून कामाला आलेला. त्याचं गोदामातलं पार्सलं उचलायचं काम दुपारी सुरू होई. म्हणजे सगळी सकाळ त्याची होती. ज्या सकाळी सुकदेव चादरीखाली असे, त्याच.

सुकदेवला झोप लागत नसे असं नाही. पण झोपेला भोकं होती आणि त्या भोकांतून वाल्मिक आत येई. वाल्मिक दबक्या आवाजात बस चालवायचा, कंडक्टरसारखे गुजरातीत थांबे पुकारत, प्रवाशांना मागं सारत. जयश्रीचे खड्यांचे रिकामे खोके ओळीनं मांडून मुलं प्रवासी व्हायची. "उधना, भेस्तान, सचिन. चालो, पाछळ चालो." मग चेतनचं हसणं, तोंडावर हात दाबल्यासारखं. ते दाबलेलं हसणं सुकदेवला जास्त लागे. मोठ्यानं हसले असते तर त्याला रागावता तरी आलं असतं.

हा माझ्या पोरांचं हसणं फुकटात घेतोय, असं त्याला वाटे. संध्याकाळी तो उठे तेव्हा उरलेलं काय असे? ओरडणारा चेतन, झोपेला आलेली किंजल आणि डबा. बारा तास लूमच्या खडखडाटात राहून त्याचा आवाज मोठा झाला होता. प्रेमानं हाक मारली तरी चेतन दचके. वाल्मिक नुसता भुवई उडवे आणि पोरं त्याच्या अंगावर जाऊन पडत.

एकदा जेवताना सुकदेव सहज बोलल्यासारखं बोलला, "सचिन स्टॉपकडे खोल्या मियतस म्हने. एकट्या मानूसलं बरं पडस."

जयश्रीचा हात भाकरीवर थांबला. वाल्मिकनं मान हलवली. "दखस ना, दाजी," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचाही सुकदेवला हेवा वाटला.

त्यानंतरच्या आठवड्यात वीजवाहिनीच्या दुरुस्तीसाठी कारखाना एक रात्र बंद राहिला. सुकदेव रात्री घरी झोपला आणि सकाळी माणसासारखा उठला. वाल्मिक नव्हता. खोली बघायला सचिनला गेला होता. ऊन दारातून आत आलं होतं. जयश्रीच्या बोटांवर गोंद चकाकत होता आणि पोरं खेळ मांडत होती. सुकदेवला वाटलं, आज ही जागा मोकळी आहे.

तो मांडी घालून त्यांच्यात बसला.

"मी बी खेयस. मी पप्पा."

किंजलनं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "पप्पा शे ना."

भिंतीकडच्या गादीवर साड्यांच्या कापलेल्या काठांचं गाठोडं होतं. त्याच्यावर सुकदेवची चौकड्याची चादर नीट ओढलेली, डोक्यावरून. उशाशी छोटी थाळी, तिच्यावर झाकण. झाकण उचलून बघावंसं त्याला वाटलं, पण किंजलनं त्याचा हात धरला.

"पप्पानं जेवन शे. उठला की खाई."

"मग मी कोन?"

"तू वाल्मिकमामा व्हय. मामा बाहेर गयेल शे."

जयश्री खाली मान घालून खडे लावत राहिली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती ऐकते आहे.

सुकदेव वाल्मिकमामा झाला. त्यानं खोके ओळीनं लावले, ते वाकडे लागले. चेतननं ते सरळ केले. त्यानं बस सुरू केली. "उधना," तो म्हणाला आणि चेतन दचकला.

"हळू ना," किंजल दात आवळून म्हणाली. "पप्पा जपेल शे."

"उठू दे की. उठला तं काय व्हई?"

"उठला की खेळ बंद." तिनं हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं की पाणी नळाला सकाळी येतं. "मग सगळं उचलायचं. मग तो डबा घेऊन जातो."

सुकदेवनं गाठोड्याकडे पाहिलं. त्याला पहिल्यांदा वाल्मिकचा विसर पडला. या चिंध्यांच्या बापाला किती सांभाळतात ही पोरं. चालताना टाच टेकवत नाहीत. चादर सरकली की चेतन जाऊन सारखी करतो. आणि तरी त्याच्याकडे कुणी हसून बघत नाही. त्याला गाठोड्याचा हेवा वाटला आणि त्याच वेळी ते लाथेनं उडवावंसंही वाटलं. त्यानं यातलं काही केलं नाही. आवाज घशात दाबून तो म्हणाला, "भेस्तान." घशातून घरघर आली. चेतन हसला. त्या हसण्यात थोडी दया होती, पण सुकदेवनं ते घेतलं.

कामावर जायच्या आधी वाल्मिक जेवायला आला. चप्पल काढायच्या आधीच पोरं त्याच्या पायांना बिलगली. सुकदेवच्या हातातला खोका हातातच राहिला.

"खोली दखी उनू, दाजी. चांगली शे. एक तारखेपासून या म्हने."

सुकदेवला हवं होतं तेच झालं होतं. वाल्मिक गेला की सकाळी या खोलीत काय राहील, ते त्याला दिसत होतं. खडे चिकटवणारी बाई, टाचा उचलून चालणारी दोन पोरं आणि चादर. हसणं राहणार नव्हतं. चोरलं जाण्यापुरतंही नाही. आणि तरी वाल्मिकच्या मानेभोवतीचे चेतनचे हात बघून त्याला तोच जुना हेवा वाटला.

"तठलं पानी खारं शे," तो म्हणाला.

वाल्मिकनं चेतनला खाली ठेवलं. "दाजी, तुम्हीच सांगेल व्हतं ना."

"सांगेल व्हतं. पानीनं माहीत नव्हतं."

जयश्री हसली नाही. तिनं फक्त गोंदाची वाटी बाजूला सारली आणि भावाला जेवायला ताट मांडलं. वाल्मिक हात धुऊन ताटावर बसला. खोलीचं पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या रात्री लूम सुरू झाले. सकाळी सुकदेव घरी आला, अंघोळ केली, चहा घेतला. गादीवर गाठोडं होतं. किंजलनं ते ओढत कोपऱ्यात नेलं. आता त्याची गरज नव्हती. तो आडवा झाला. चादर त्यानं ओढली नाही, तिनं ओढली, डोक्यावरून. मग उशाशी थाळी ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

चादरीच्या चौकड्यांतून उजेड येत होता. पलीकडे खोके ओळीनं लागले, सरळ. वाल्मिकच्या दबक्या आवाजात उधना आलं, भेस्तान आलं. चेतन तोंड दाबून हसला.

सुकदेवचे डोळे उघडे होते. हेवा गेला नव्हता. नाकाला खाज सुटली होती, कूस बदलायची होती. तो हलला नाही.