दोनदा ‘न्हाई’

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, लेकीपुढं तर नाहीच. आणि बघा ना — सांगायला बसले की त्या दिवसाचा आनंदच आधी वर येतो. लाज मागून येते. असं असावं का?

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. मी त्याच जिल्ह्यातल्या मुरुडची, नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. दुष्काळ असा, की घागरभर पाण्यासाठी शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. आणि तशात कानावर आलं — तासाभराच्या वाटेवरच्या तलावात नाव सुरू झालीय. फिरायची नाव! मला रात्रभर झोप नाही.

माझं लग्न जुळत आलं होतं. घर अडत दुकानवाल्यांचं, चांगलं. कुंकू लागायचं तेवढं राहिलं होतं. मुलाची बहीण महानंदा माझ्याच वयाची, आमची लई गट्टी. तिचे वडील, अप्पा, रविवारी आम्हा दोघींना घेऊन तलावावर आले. ते बांधापलीकडच्या महादेवाला गेले आणि आम्ही पळतच नावेकडं.

नाववाला पोशट्टीमामा. मूळचा नांदेडचा, गोदावरीवर नाव चालवलेला भोई. त्यानं आधी आम्हाला नारिंगी जॅकेटं घातली. नाड्या स्वतः ओढून बघितल्या. म्हणाला, मधोमध बसा, बाजूला वाकू नका आणि काही झालं तरी उभं राहू नका. हे सगळं त्यानं सांगितलं. सगळं. लक्षात ठेवा.

नाव निघाली आणि — काय सांगू! पायाखाली पाणी, चहूकडं पाणी, तोंडावर गार वारा. महानंदा हसून हसून बेजार. मी गायला लागले. जॅकेटाला कुबट वास येत होता, नवी साडी त्याखाली चुरगाळत होती. मी माझं काढलं. मग तिच्या नाड्या सोडल्या — मीच. ती नको म्हणत होती.

मामा म्हणाला, "बाई, घाला ते." आम्ही काय लहान पोरी हौत का, असं मी म्हणाले. त्यानं वाद घातला नाही. नाव सरळ काठाकडं वळवली.

माझा हिरमोड झाला. तेवढ्यात पाण्यातून वर आलेला एक दगड दिसला. मैलाचा दगड! तलावात बुडालेली जुनी सडक दुष्काळानं वर येत होती आणि दगडावर अक्षरं होती — ‘उस्मानाबाद’. आमचा जुना जिल्हा, पाण्यात! मला आकडाही वाचायचा होता. मी उभी राहिले.

नाव उलटली.

माझे पाय सडकेवर टेकले. कमरेएवढं पाणी. महानंदा पलीकडच्या बाजूला पडली, तिथं मुरूम काढून खोल खड्डा झालेला. तिचा हात एकदा वर आला. मी एक पाऊलही पुढं टाकलं नाही. मामानं बुडी मारली, तिला केसाला धरून वर काढलं, काठावर आणून पालथं घातलं. ती खोकली तेव्हा मी रडायला लागले — त्याआधी नाही.

गलका ऐकून अप्पा धावत आले. गावातली चार माणसं जमली. अप्पांनी मामाकडं बघितलं, मग मला विचारलं, "ह्यानं जॅकेट घालायला सांगितलं न्हाई?"

मी म्हणाले, "न्हाई."

"उभं राहू नका, असं तरी?"

"न्हाई."

मामा ओल्या अंगानं तिथंच उभा होता. एवढंच म्हणाला, "बाई, खरं सांगा."

मी मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती, एवढं मला त्या घटकेला लख्ख कळत होतं. भेदरले होते म्हणून तोंडून गेलं, असं नाही. विचार करून बोलले.

नाव बंद झाली. त्या आठवड्यात गावकऱ्यांनी त्याला हुसकावलं. अप्पा वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत राहिले — बेफिकीर नाववाल्यानं माझी लेक घालवली असती. महानंदा ऐकून उठून जायची. माझ्या हळदीच्या दिवशी तिनं एकदाच कानात म्हटलं, "वैनी, मी काय बोलणार न्हाई." तिनं शब्द पाळला. पण पुन्हा कधी माझ्याजवळ हसली नाही.

पुष्कळ वर्षांनी नांदेडजवळच्या मुदखेड स्टेशनात मी गाडीची वाट बघत होते. बाकावर एक म्हातारा येऊन बसला. मी त्याला ओळखलं, त्यानं मला. उठून जाईन म्हटलं, तर तोच बोलला.

"तुमच्या संगच्या ताई बऱ्या हायत का?"

"हाव," मी म्हणाले. "बऱ्या हायत."

तो खरंच खूश झाला. त्याला दोन नातवंडं होती, त्यांच्याविषयी बोलत राहिला. गाडी यायला चांगला वेळ होता. पाहिजे तेवढा वेळ होता. मी नातवंडांची नावं विचारली.

गाडी आली. मी चढले. खिडकीजवळ जागा मिळाली आणि — खोटं का बोलू — मला आनंद झाला.