दोन्हीकडून दलाली

बंदूभाऊंनी माझी नोटीस वाचली, तिची घडी केली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. माझ्याच ऑफिसात, माझ्याच चहाचा.

“मॅडम, तुम्ही मले कायदा शिकवून राह्यल्या? अर्ध्या वणीले म्या प्लॉट देल्ले.”

“ही नोटीस एकाच प्लॉटची आहे,” मी म्हणाले. “शमीमआपांच्या.”

शमीमआपा समोरच बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर सलीमभाई चंद्रपूर रोडवर ट्रकची इंजिनं दुरुस्त करतात. राहती खोली घरमालकानं खाली करायला सांगितली होती. म्हणून दोघांनी होतं नव्हतं ते गोळा करून, आपांच्या बांगड्या मोडून, राजूरच्या रस्त्यावरच्या एका लेआउटमध्ये प्लॉटचा ईसार दिला. ईसार म्हणजे सौदा पक्का करताना द्यायची आगाऊ रक्कम. पाया खणायला गेले तर तलाठ्यानं काम थांबवलं. जमीन एनए झालेलीच नव्हती, म्हणजे सरकारदरबारी ते अजून शेतच होतं. तिथं घर बांधता येत नव्हतं आणि दुसरीकडे घ्यायला हातात काही उरलं नव्हतं.

“कागद पाह्यला नाही का घेताना?” मी आपांना विचारलं होतं.

“मॅडम, आम्ही प्लॉट कुठी घेतला? आम्ही तं बंदूभाऊचा शब्द घेतला.”

हा शब्द तालुक्यात चालायचा, हे मलाही माहीत होतं. बंदूभाऊ मूळचे बैलबाजारातले दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल दुपट्टा पसरतो आणि त्याखाली बोटं दाबून आकडा ठरवतो. सौदा झाला की विकणारा आणि घेणारा दोघंही त्याच्या हातावर दलाली ठेवतात. माझ्या माहेरी शेती, त्यामुळे हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. बाजाराचा एक पक्का नियमही होता. दलाली न घेता सौदा जुळवणारा दलाल दिसला की शहाणा शेतकरी बैलाला हात न लावता पुढे सरकायचा. बैलात खोड आहे आणि हा विकणाऱ्याचा भागीदार आहे, असं समजायचं.

मग बोंडअळीची वर्षं आली. कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या पोखरली गेली, बैल विकायला सगळे आणि घ्यायला कोणी नाही. बाजार बसला तसे बंदूभाऊंसारखे दलाल प्लॉटकडे वळले. शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, चार दगड पुरायचे, बोर्ड लावायचा. झाला लेआउट!

त्याच सुमारास रेरा आला. घरं आणि प्लॉट विकणाऱ्यांना वेसण घालणारा कायदा. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय प्लॉट विकायचा नाही आणि दलालानं स्वतःचा नोंदणी नंबर घेतल्याशिवाय सौद्यात पडायचं नाही. खोटं सांगून माल गळ्यात मारला तर ग्राहकाला थेट तक्रार करता येते. मी तो कायदा वाचला आणि माझी झोपच उडाली, अगदी आनंदानं! इतकी वर्षं अशा बायका माझ्यासमोर रडून जात होत्या आणि मी त्यांना पाणी देण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हते.

माझे सीनियर मात्र थंड होते. “तो मुंबईच्या टॉवरवाल्यांचा कायदा आहे. आणि बंदूचं नाव कागदावर आहे कुठे?”

तेच तर दुखणं होतं. ईसारपावतीवर फक्त शेतमालकाचं आणि आपांचं नाव. शेतमालक नागपूरचा एक सेठ. त्यालाही नोटीस गेली होती. त्यानं उत्तर पाठवलं, “मी लेआउट पाडलेला नाही. मी माझ्या शेताचा तुकडा विकत होतो. प्लॉट म्हणून कोणी सांगितलं असेल तर त्याला विचारा.” आणि ज्याला विचारायचं तो कागदावर नव्हताच. तरीही मी दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली. वणीतून रेरात गेलेली तक्रार तोवर माझ्या तरी ऐकिवात नव्हती.

सुनावणी नागपूरला होती. बसमध्ये मी इतकी बोलत होते की शेवटी सलीमभाई म्हणाले, “मॅडम, जरा दम घ्या, तिथं बोलायचं आहे.”

सेठ स्वतः हजर होता. त्याच्या वकिलानं सुरुवातच झोकात केली. “सर, माझे अशील या बंदूभाऊंना दलाल म्हणून ओळखतच नाहीत.”

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बंदूभाऊंकडे पाहिलं. “तुमचा या व्यवहारात काय संबंध?”

“काही नाही साहेब. मी फक्त ओळख करून देल्ली. शेजारधर्म म्हणून.”

मी खुर्चीच्या कडेवर आले. मोबदला घेऊन विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख करून देणारा, यालाच तर कायद्यानं एजंट म्हटलंय! माणूस आपल्या पायानं चालत व्याख्येत शिरला होता. राहिला होता तेवढा मोबदला. त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. हातावर ठेवलेल्या दलालीची पावती कोण देतो?

“सर, एक प्रश्न विचारू?” साहेबांनी मान हलवली. मी वळले. “बंदूभाऊ, बैलबाजारात फुकट सौदा जुळवणाऱ्या दलालाला लोक काय म्हणतात?”

बंदूभाऊंचा चेहरा लाल झाला.

“सांगा ना. तुम्ही तर म्हणता, आपांचा सौदा फुकट जुळवला.”

“ओ मॅडम!” बंदूभाऊ ताडकन उभे राहिले. “मले खोडीच्या बैलाचा दलाल म्हणता काय? बंदूनं जिंदगीत फुकट सौदा केला नाही! वणीपासून महागावपर्यंत कोणालेबी विचारा. मी दोन्हीकडून दलाली घेतो, उजागरीनं घेतो!”

“याही सौद्यात?”

“याही सौद्यात! या बाईकडून घेतली आन् या सेठकडूनबी घेतली. काहून, सेठ, देल्ली का नाही? लेआउट पाड म्हणून तुमीच तं सांगतलं!”

सेठच्या वकिलानं डोळे मिटले. साहेब शांतपणे लिहीत होते. मी टेबलाखाली आपांचा हात इतक्या जोरात दाबला की त्या कळवळल्या. आता फक्त बंदूभाऊच अडकले नव्हते. दलालाला पैसे देऊन लेआउट पाडून घेणारा सेठ हा प्रकल्पाचा मालक ठरत होता, तोही नोंदणी न केलेल्या. बंदूभाऊंना हे कळलं तेव्हा ते खाली बसले आणि बराच वेळ दुपट्ट्यानं मान पुसत राहिले. त्या क्षणी मला त्यांची थोडी कीवही आली.

आदेश आपांच्या बाजूनं लागला. सेठनं ईसार व्याजासह परत करायचा, बंदूभाऊंनी दलाली परत करायची, शिवाय दोघांना दंड. सेठनं अपिलाची भाषा केली, पण त्या शेतातले बाकीचे प्लॉटवाले माझ्या ऑफिसात येऊ लागल्याचं कळताच पैसे मुकाट्यानं जमा झाले. सलीमभाईंनी मंजूर लेआउटमध्ये लहानसा प्लॉट घेतला. तिथल्या एजंटानं कौतुकानं नकाशा उलगडला, तर आपा म्हणाल्या, “भाऊ, नकाशा मागून पाहू. पहिले तुमचा रेराचा नंबर सांगा.” घरात राहायला गेल्यावर त्यांनी पहिली बिर्याणी मला खिलवली आणि मी दोनदा वाढून घेतली.

बंदूभाऊ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो घेऊन आले. त्यांना नोंदणी करायची होती. मी करून दिली. आज त्यांच्या बोर्डावर नंबर त्यांच्या नावापेक्षा मोठा आहे.

मला कोणी प्लॉट घ्यायचा सल्ला विचारला तर मी एवढंच सांगते. दलालाला दलाली जरूर द्या, पण बँकेतून द्या आणि पावती घ्या. जो म्हणेल, “आपल्या माणसाकडून कायची दलाली?”, त्याला नमस्कार करा आणि पुढे चाला.