निवांतला कोणी विचारलंच नाही

बेकरीत तिला सगळे निवांत म्हणायचे. हे नाव भट्टीमामांनी पाडलं. भट्टीमामा म्हणजे सगळा जन्म भट्टीसमोर घामाघूम होऊन काढलेला माणूस. त्यांना दुसऱ्याचा थंडपणा बघवत नसे. एकदा मैद्याचं पोतं फुटून अर्धं हिच्या अंगावर सांडलं. बाकीच्या बायका किंचाळल्या, आणि ही केस झटकत म्हणाली, "बरं झालं, आज पावडर लावायची राहिलीच होती." मामा हसता हसता खालीच बसले. "अगं, किती ती निवांत!" म्हणाले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तशी ती होतीच समाधानी, उगाच खोटं कशाला बोला. पहाटे यायचं, पीठ मळायचं, साचे भरायचे, दुपारी सुटायचं. घरी जाताना सावली धरून चालायचं, वाटेतल्या बाकावर चपला काढून पाय मोकळे करायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचं. एवढ्यावर तिचा दिवस सोन्याचा व्हायचा. मैत्रिणी नवरा, गाडी, मोठं घर म्हणून झुरायला लागल्या, की तिला खरोखर प्रश्न पडायचा, की मग ह्या आजच्या दुपारचं काय करतात? दुपार तर आज आलीये, नवरा येईल तेव्हा येईल.

पण समाधानी माणसाला काही म्हणजे काही नको असतं, असं ज्याने कुणी ठरवलं त्याला एकदा माझ्यासमोर आणा. निवांतला एक गोष्ट हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. केकचं टेबल.

हे टेबल बेकरीच्या पुढच्या भागात, काचेच्या मागे. तिथे भट्टीची धग नाही, पोती नाहीत. एक फिरता पाट, क्रीमचे कोन, आणि रस्त्यावरून जाणारी पोरं काचेला नाक लावून बघतायत. म्हातारी केकवाली आता काम सोडून मुलाकडे राहायला जाणार होती. मधूनमधून ती निवांतच्या हातात कोन द्यायची. "हात आहे गं तुला," असंही एकदा म्हणाली होती, आणि केकवाली काही कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारी नव्हती. तेव्हापासून निवांतने घरी सराव सुरू केला. स्टीलचं ताट पालथं घालायचं, मैद्याची घट्ट पेस्ट करायची, दुधाच्या पिशवीचं टोक कापून तिचा कोन करायचा. पहिले गुलाब बघून तिची ताई म्हणाली होती, "हा गुलाब आहे की कोबी?" पलंगावर पडल्या पडल्या आईसुद्धा खदखदा हसली होती. मग हळूहळू पाकळ्या सुटायला लागल्या. एक दिवस ताईने ताट उचलून खिडकीशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि "अय्या, खरंच की!" म्हणाली.

ही ताई त्याच बेकरीत काउंटरवर. बोलायला चटपटीत, गिऱ्हाईक कसं वळवायचं ते तिने शिकवावं, मालकीणबाईंचा तर उजवा हातच. वडील गेल्यावर घर तिनेच ओढलं होतं, आणि निवांतने ताईच्या शब्दावर डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती.

"तू मालकीणबाईंशी बोलू नकोस," ताई म्हणाली होती. "तुला मागता येत नाही. तू तोंड उघडणार आणि 'नसलं तरी चालेल हं' म्हणून मोकळी होणार. मी बोलते."

हे शंभर टक्के खरं होतं. म्हणून निवांतने ते ताईवर सोपवलं आणि बिनघोर झाली.

अडचण एकच होती. आई मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तिला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. सकाळी ताई तिला चहा-नाश्ता देऊन मग काउंटरवर यायची; उठवणं-बसवणं आणि दुपार सगळी निवांतची. केकचं टेबल म्हणजे संध्याकाळपर्यंत काम. पण निवांतने त्याचाही विचार केला होता. शेजारच्या काकू आपणहून म्हणाल्या होत्या, "मी बसत जाईन की दुपारची. टीव्ही माझ्या घरी बघते तो तुमच्याकडे बघेन, त्यात काय एवढं!" म्हणजे तोही प्रश्न मिटला होता. निदान हिच्या मते मिटला होता.

मग तो दिवस उजाडला. सकाळच्या चहाच्या वेळी मालकीणबाई मागच्या खोलीत आल्या. बरोबर एक मुलगी, नवाकोरा एप्रन घातलेली.

"ही आपली नवी केकवाली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बेकरीतून आणलीये."

निवांतचे हात कोपरापर्यंत पिठात होते. ते तिथेच राहिले. तिला वाटलं, काहीतरी गडबड झाली असेल, ताईला बोलायला जमलं नसेल. बिचारी ताई, असंही क्षणभर वाटलं तिला. बघा म्हणजे!

मालकीणबाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी निवांतच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुम्ही सगळ्या शिका जरा हिच्याकडून. आधी मी हिच्याच बहिणीला विचारलं होतं बरं का. म्हटलं, घरची मुलगी आहे, तिला देऊन टाकू टेबल. तर ती म्हणाली, तिला नको. ती आहे तिथे खूश आहे. म्हणे, साच्यात पाव फुगताना बघितला की तिला वाटतं, जगात दुसरं काही नको! ऐका! इतकी समाधानी पोर मी जन्मात पाहिली नाही. नाहीतर तुम्ही, रोज उठून हे नाही आणि ते नाही."

सगळ्या हसल्या. भट्टीमामांनी तर टाळ्या वाजवल्या. इतकं तोंड भरून कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि त्यातला एकेक शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागत होता.

कारण ते वाक्य तिचंच होतं. एका रविवारी ताईचे केस विंचरताना ती सहज बोलली होती. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते, वेड्यात काढतील म्हणून. ताईला सांगितलं, कारण ताई वेड्यात काढणार नव्हती. आणि ताईने ते नेऊन काउंटरवर ठेवलं होतं, शिळ्या ब्रेडसारखं, घ्या कोणाला हवं असेल तर.

दारातून काउंटर दिसत होता. ताई एका खोक्याला दोरी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. दोरी बांधून झाली, तरी ती बांधतच राहिली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारे हात लहानपणी आपल्या वेण्या घालणारे असले, की ओरडायचंही सुचत नाही. निवांतने उरलेले साचे भरले, हात धुतले आणि घरी आली. वाटेत कुठे बसली नाही.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. आई छताकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "असू दे आता. जरा पाणी दे." निवांतने पाणी दिलं, आईला उठवलं, हात धरून न्हाणीघरात नेऊन आणलं, पलंगावर नीट टेकवलं. आई तिच्या नजरेला नजर देत नव्हती, हे काही तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ताई आली. पर्स खुंटीला लावली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "आज काय गर्दी होती गं बाई!"

"मला ते टेबल हवं होतं," निवांत म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तू नको म्हणून सांगितलंस?"

ताईने उलट तिलाच धारेवर धरलं. "मी काय खोटं सांगितलं? तूच म्हणाली होतीस ना, पाव फुगताना बघितला की..."

"ते मी तुला सांगितलं होतं! मालकीणबाईंना नव्हतं!" निवांतचा आवाज इतका चढला, की पलीकडे काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "आणि त्याचा ह्याच्याशी काय संबंध? मी खूश असते म्हणून मला काही द्यायचंच नाही? रडके असतात त्यांनाच सगळं मिळायचं का? मग मी उद्यापासून रडत बसते, चालेल?"

"आईकडे दुपारी कोण बघणार होतं?"

"काकू बघणार होत्या!"

ताई पलंगाकडे बघायला लागली. मग तिने हात टेकले. "माझ्यावर का चिडतेस? आईलाच विचार."

निवांत वळली. आई चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला नाही आवडत त्या बाईने मला न्हाणीघरात नेलेलं," आई म्हणाली. "लाज वाटते मला. तुझ्या हाताची सवय झाली आहे. म्हणून मीच ताईला म्हटलं, की सांग, तिला नको म्हणून. तुला काय गं, तू कुठेही आनंदात असतेस. तुला जड जाणार नाही असं वाटलं."

दुपारी रडून मोकळी झाले असं निवांतला वाटलं होतं. कसलं काय! खरं रडू आता आलं, आणि ते डोळ्यातून बाहेरच येईना. म्हणजे दोघी बोलल्या होत्या. ती साचे भरत होती, ताटावर गुलाब काढत होती, आणि ह्या दोघी ते गुलाब बघून "अय्या" म्हणत होत्या, तेव्हा कदाचित ठरलंही होतं.

"आई," ती म्हणाली, "तू मला विचारलं असतंस ना, तर मीच नाही म्हणाले असते. तुला लाज वाटते एवढं नुसतं सांगितलं असतंस, तर मी स्वतः जाऊन मालकीणबाईंना नको म्हणून आले असते."

"मग झालं तर!" ताईला हायसं वाटलं. "शेवटी एकच ना? तेच तर केलं आम्ही."

"नाही, एकच नाही," निवांत म्हणाली. "मी दिलं असतं. तुम्ही घेतलंत."

पलीकडे टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला. आईने पाय ओढून घेतले, तोंड वाकडं केलं. तिची उठायची वेळ झाली होती.

"ऐक ना गं," आई हळूच म्हणाली, "जरा उठव."

"ताई उठवेल."

ताई पुढे झाली. तिने दोन्ही हात आईच्या काखेत घातले आणि ओढलं. तिला बिचारीला काय माहीत, आधी पाय खाली सोडायचे, मग पाठीमागे हात घालायचा. पहाटे कामाला निघायच्या आधी निवांतच आईला उठवून सगळं करून ठेवायची. आई कळवळली. "अगं, तशी नको! दुखतंय! धाकटे, तू ये ना गं."

निवांतचे हात आपोआप पुढे आले. तिने ते मागे घेतले आणि खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

"मला राग आलाय, आई," ती म्हणाली. "आज मला तो येऊ दे."

ताईने पुन्हा प्रयत्न केला, आई पुन्हा कळवळली, आणि निवांत बसून राहिली.