एक, रेंडू, मूरू, चार

ऋतुजा टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते. दिवसभर मशीनवर बसून पाठ भरून येते, तरी संध्याकाळी ती घरी जात नाही. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यामधल्या मैदानात पोरींना लेझीम शिकवायला येते.

तिचा बाप धुळाप्पा सांगोल्याकडची मेंढरं विकून चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला, तेव्हा ती शाळेत होती. लेझीम तिथंच हातात आली. अर्धवट काम तिला खपत नाही. "हात खांद्याच्या वर गेला पायजे. जरासा कमी गेला, असलं काय चालत न्हाय," हे तिचं रोजचंच.

मिरवणुकीतल्या स्पीकरवरून या दोन गल्ल्यांत दगड उडाले होते. जखमा भरल्या, बोलणं मात्र बंदच राहिलं. बायका एकाच नळावर पाणी भरत, एकमेकींकडं न बघता. तशात ऋतुजानं दोन्हीकडच्या पोरी एका रांगेत उभ्या केल्या.

वरच्या गल्लीत शिवशरणकाकांचा शब्द चाले. सगळी हयात यंत्रमागावर घालवलेला माणूस. त्यांची नात संस्कृतीही त्या रांगेत होती. त्यांनी ऋतुजाला अडवलं.

"चौकात सगळ्यांसमोर खेळून दाखवा. रांग मोडली तर आपापल्या गल्लीत नाचायचं. मैदानात पुन्हा दिसायचं न्हाय."

"व्हय काका," ऋतुजा म्हणाली.

म्हणाली खरी, पण रांग रोजच मोडत होती. हलगी वाजवणारा अमरेश ठेका चुकत नव्हता, पोरी अंग चोरत नव्हत्या. तरी चौथ्या ठेक्याला कुणीतरी कुणाच्यातरी पायावर पाय द्यायचंच. ऋतुजा रांगेच्या पुढून चालत गेली आणि तिला पोरींचे ओठ हलताना दिसले.

"मनात काय म्हणताय ते मोठ्यानं म्हणा."

खालच्या गल्लीतली लावण्या तेलुगूत म्हणाली, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू." संस्कृतीचं कानडीत, "ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू." नाझमीनचं, "एक, दो, तीन, चार." लावण्याची ओकटी संपेपर्यंत नाझमीनचा पाय वर गेलेला असायचा.

"सगळ्यांनी मराठीतनं मोजा," ऋतुजानं फर्मावलं. तेही करून झालं. पण ठेका वाढला की ज्या त्या पोरीची जीभ आपल्या घरी पळायची.

"ताई, एकेक आकडा बाट लेंगे की!" नाझमीन वैतागून म्हणाली.

पोरी हसल्या. ऋतुजा हसली नाही. तिनं प्रत्येकीचा आखूड आकडा निवडला. एक, रेंडू, मूरू, चार.

"चार हमारा," नाझमीननं सांगून टाकलं.

"आमच्या मराठीतबी चारच हाय. दोघींचं म्हण, आन् पाय उचल," ऋतुजा म्हणाली.

त्या दिवसापासून सगळ्यांनी तेवढंच घोटलं. घाम पुसायलाही ऋतुजा थांबू देईना. घरी भाकरी थापतानाही पोरींच्या तोंडात तेच असायचं.

चौकात दोन्ही गल्ल्या आल्या. वरची गल्ली या बाजूला, खालची त्या बाजूला. शिवशरणकाका हाताची घडी घालून पुढंच बसले. खेळ रंगात आला आणि अमरेशच्या हलगीचं कातडं फाटलं. एकदम शांतता. लावण्या अडखळली, तिचा पाय खाली यायचाच राहिला.

तेवढ्यात संस्कृती ओरडली, "एक!"

"रेंडू!" लावण्यानं पाय आपटला. मग सगळी रांग बोलू लागली. हलगीविना, नुसत्या तोंडानं. मूरू, चार, पुन्हा एक. लेझमीचा खळखळाट एकदाही फुटला नाही. खालच्या गल्लीतल्या बायका मोजू लागल्या, पाठोपाठ वरच्याही.

खेळ थांबला तेव्हा शिवशरणकाका उठले. पोरी रांगेतच उभ्या.

"मूरू कोण म्हणत हुतं? आवाजच न्हाय! आमचंच तेवढं बारीक म्हणता व्हय?"

"काका, तुमची नातच बारीक म्हणती," नाझमीन म्हणाली. "उसकोच पूछो!"

दोन्ही बाजूंना हशा पिकला. काकांनी हसू मिशीतच ठेवलं.

"आन् खाली बसताना गुडघे वाकत न्हाईत एकीचेबी," ते ऋतुजाला म्हणाले. "उद्या मैदानात तेवढं नीट करून घे."

"उद्या कशाला काका," ऋतुजा म्हणाली. "आत्ताच घेते की." आणि तिनं दमलेल्या पोरींना पुन्हा रांगेत उभं केलं.