दोन्ही बाजूंच्या बाई

शेवडे बाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते, बाई भांडल्याच नाहीत. त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात मी लिहावं असं त्यांचे माजी विद्यार्थी सांगायला आले, तेव्हा मी म्हटलं, "चौथी शिकलेल्या बाईचं कोण वाचणार?" ते म्हणाले, "काकू, तुम्ही लिहाच." तर लिहिते. पण बाई मला अजून पुरत्या कळलेल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

माझी मुलगी प्रणाली तेव्हा नववीत होती. आमच्या गावात, उमेळ्यात, आमची मोगऱ्याची वाडी आहे. ती बिल्डरला द्यावी असं माझे मोठे दीर म्हणत होते, देऊ नये असं मी म्हणत होते, आणि आमचे हे दोघांपुढेही मान हलवत होते. नेमका त्याच दिवसांत बाईंनी वर्गात वादविवाद ठेवला: वाड्यांच्या जागी इमारती याव्यात की नाही. बाजू चिठ्ठी काढून ठरायची. प्रणालीला निघाली 'याव्यात'.

पोरगी ओट्यावर उभी राहून मोठमोठ्याने सराव करायला लागली. दिरांनी ऐकलं आणि संध्याकाळी पेढे घेऊन हजर! "बघ सुनंदा, घरातली शिकलेली पोर पन माझ्याच बाजूची!" वर नाक्यावर सांगून आले, की आमच्या घरातले सगळे तयार आहेत. माझं डोकंच फिरलं. तशीच शाळेत गेले.

"बाई, माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवता? तिची बाजू बदला."

"बदलणार नाही," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

पाणी हा त्यांचा नियमच. वर्गातही वादाला उभं राहण्याआधी समोरच्याला पेला भरून द्यायचा. दुसरा नियम त्याहून कठीण. आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्यानेच म्हणावं, 'हो, हेच म्हणायचंय मला.' तो हो म्हणेपर्यंत पुढे बोलायचं नाही. मुलं रडकुंडीला येत, बाई हटत नसत. पुटपुटणाऱ्या मुलाला मैदानाच्या टोकाला उभं करत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला उन्हात उभ्या राहत. 'मोठ्याने बोल' असं कधी म्हटलं नाही, नुसता कानामागे हात धरत.

तोच नियम त्यांनी मला लावला.

"तुम्हाला वाडवडिलांची जमीन राखायची आहे," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग मुलीसाठी ठेवायची आहे."

"ती कुठे मोगरा खुडणार? नाही."

"मग?"

"अहो, वाडी गेली तर पहाटे उठून मी करू काय, ते सांगा!" मी ओरडलेच.

बाईंनी माझा पेला पुन्हा भरला. "हे तुमच्या दिरांना सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. मलाच ते तेव्हा कळलं. आले होते भांडायला, परत निघाले ती डोक्यात गोंधळ घेऊन. घरी प्रणालीने काय झालं ते विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं.

वादाच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. दीर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसले. प्रणाली उभी राहिली. विरुद्ध बाजूचं म्हणणं तिने आधी मांडलं: "वाडीत जिचे हात चालतात, तिने उद्या पहाटे उठून काय करायचं, हे इमारतीच्या नकाशात कुठेच दाखवलेलं नाही." समोरचा मुलगा हो म्हणाला. मग तिने इमारतींची बाजू अशी लावून धरली, की नंबरही तिलाच मिळाला. दिरांनी टाळी मात्र वाजवली नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "सुनंदा, तू हे मला कधी बोलली नाय."

"तुम्ही कधी इचारलं? थांबा, आता माझी पाळी. भाऊजी, तुमचे गुडघे गेलेत. पोरं फ्लॅटमध्ये राहायला गेली, ती वाडीत यायची नाहीत. उद्या झाडांना पानी कोन घालनार, झाडं डोळ्यांसमोर सुकलेली बघावी लागतील, हे तुमचं भ्या. बरोबर?"

दीर "हो" म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

खरा घोटाळा पुढेच झाला. आता दीर म्हणतात, वाडी राहू दे, सुनंदाचा जीव आहे तिच्यात. आणि मी म्हणते, देऊन टाका, भाऊजींचे हाल बघवत नाहीत. भांडण पूर्वीइतकंच जोरात चालतं. आता आमचे हेसुद्धा तोंड उघडतात, तेही रोज वेगळ्या बाजूने. सही अजून कोणीच केलेली नाही.

वैतागून मी बोळिंजला बाईंच्या घरी गेले. म्हटलं, "तुम्ही कुठल्या बाजूच्या, ते एकदाचं सांगून टाका." बाई हसल्या. "मलाही चिठ्ठी काढायला लावा, मग सांगते." आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. अशा माणसाचं काय करायचं?

बाई, तुम्हाला ठणठणीत आणि भरपूर आयुष्य मिळो. आमच्या वादाचा निकाल तुम्हीच द्यायचा आहे, आणि भाऊजी आणि मी इतक्यात आटपणारे नाही.