निधनताईंचं शेवटचं निवेदन

गावच्या मिडियम वेव्ह रेडिओ केंद्रावर दुपारी बाजारभाव संपले की निधनवार्ता लागायच्या. त्या वाचणाऱ्या बाईंना सगळे निधनताई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. ऐन तरुणपणी त्या माइकपुढे बसल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. आवाज असा शांत, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्यांच्या तोंडून आपलं नाव निघू नये म्हणून लोक जपायचे. भाजीवाली म्हणायची, "ताई, भाजी फुकट न्या, पण मला नावानं हाक मारू नका." सूनसुद्धा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, मला आपलं 'अगं' म्हणा."

पुढे केंद्र बंद व्हायचं ठरलं. शेवटच्या दिवशी नेमकं गावात कुणीच गेलं नव्हतं. काचेपलीकडून साहेबांनी खूण केली, निरोपाचं बोला काहीतरी. ताईंनी उभ्या जन्मात पहिल्यांदा माइकवर स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. पण नावापुढे काय म्हणायचं, ते जिभेला एकच ठाऊक होतं. "यांचे आज दुःखद निधन झाले," त्या म्हणून गेल्या, आणि लाल दिवा विझला.

स्वतःशीच हसत त्या घरी आल्या. दारात चपलांचा ढीग होता. आत सून हुंदके देत होती.

"अगं, जीभ घसरली माझी!"

सगळ्यांनी माना वर केल्या आणि एकेक जण भिंतीकडे सरकला. सून हात जोडून म्हणाली, "आई, असं करू नका. रेडिओवर तुम्ही स्वतः सांगितलंत. तुम्ही आजवर कधी चुकीचं वाचलंय का?"

ताईंनी खूप आठवून पाहिलं. नव्हतं वाचलं. त्यांनी चपला काढल्याच नाहीत. आल्या तशा मागे फिरल्या.